बोट आणि अक्षराच्या मध्ये

श उमटायला उशीर झाला.

शेवंतीने बोट उचलले तेव्हा पडद्यावर काहीच नव्हते. मग, पापणी लवून उघडावी एवढ्या वेळाने, श आला. दाराआड कोणी उभे होते आणि पारखून झाल्यावर त्यानेच त्याला पुढे ढकलले, असा आला. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आले नसते. पण शेवंतीने उमेदीची सगळी वर्षे डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या कचेरीत टायपिंग केले होते. तिथल्या मशीनवर कळ दाबली की लोखंडी दांडी उठे, फितीवर आपटे, आणि कागदावर अक्षर बसलेले असे. आवाज, अक्षर आणि बोटाच्या टोकाला बसणारा हिसका, तिन्ही एकदम. दिवाळीनंतर मातीचे ट्रक सुरू झाले की खिडक्या कितीही लावा, तांबडी धूळ मशीनच्या पोटात जाई आणि एखादी कळ अडकून बसे. मग दात घासायचा जुना ब्रश घ्यायचा, घासलेटाचे दोन थेंब टाकायचे, की पुन्हा टकटक. अडकली तर अडकली, चालली तर चालली. बोट आणि अक्षराच्या मध्ये तेव्हा कोणी नव्हते. आता होते. तिने पुन्हा श दाबला, आणि तो पुन्हा थांबून, पाहून आला.

हे चवथीपासून, गणपतीपासून, सुरू झाले होते, एवढे तिला पक्के ठाऊक होते. त्याआधी लॅपटॉप शहाणा होता. साईशने, तिच्या मुलाने, तो दिला तेव्हा तिने नको नको म्हटले होते, आणि मग देवस्थानच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर तीच टाइप करू लागली. गावातली माणसे आपापले कागद आणून देत, आणि ती दुपारचे जेवण आटोपून खिडकीजवळच्या मेजाशी बसे. चवथीला लॅपटॉप ती पेडण्याला मूळ घरी घेऊन गेली, कारण छपाईवाला घाई करत होता. तिथून परत आणल्यापासून हा उशीर. बोटे सवयीने पुढे पळत आणि अक्षरे मागे राहत. अक्षर आले नाही असे वाटून ती पुन्हा कळ दाबे, आणि मग दोन्ही येत, एकमेकांच्या पाठीला लागून. एकदा ती पाने तशीच गेली. स्मरणिका मंडळाच्या विनोदिनीने फोन केला होता. "शेवंतीबाय, सातेरीच्या सा-क दोन काने कित्याक गे? देवी कानान जड आयकता म्हणून?" आणि पाठीमागे आणखी कोणीतरी हसले होते. शेवंतीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या कानाच्या पाळ्या किती तरी वेळ गरम होत्या.

ते साईशपर्यंत कसे पोचले, हे तिला कधी कळले नाही. तो वास्कोला बंदरावर कामाला. त्याने काही विचारायच्या आतच त्याच्या आवाजात ते होते. अलीकडे तो तिच्याशी सावकाश बोलायचा, वाक्याच्या शेवटी थांबायचा, तिला कळले की नाही हे पाहायला थांबल्यासारखा. त्या थांबण्यातही तोच उशीर होता. "आई, लॅपटॉपाक कांय जाल्लें ना गे. हांवें हांगा बसून पळयलें." हांगा बसून म्हणजे वास्कोहून. त्याने म्हणे त्यात असे काही घालून ठेवले होते की तिथे बसून इथले सगळे दिसे. खरेच एकदा तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप हलला होता. तिचा हात मांडीवर आणि बाण चाललाय आपला, तिच्या खिडक्या उघडतोय, बंद करतोय, मोलकरणीने मालकिणीच्या कपाटात हात घालावा तसा. "भियेव नाका, हांव आसां तो," साईश फोनवर हसत म्हणाला होता. तो हसला तो हसला. पण त्या दिवसापासून श उमटायच्या आधी जो कोणी दाराआड थांबे, त्याला चेहरा मिळाला. कधी तो साईशचा असे, आणि पुष्कळदा साईशच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या शुभांगीचा.

शुभांगी तिची सून. बेळगावकडची, घाटावरची. वास्कोत एका कचेरीत नोकरीला आलेली, तिथेच साईशला भेटलेली. वाईट वागली असे नाही. उलट फारच नीट वागे, आणि शेवंतीला त्याचाच संशय येई. घरात येताच ती आधी स्वयंपाकघरात जाई आणि गॅसच्या बटणांकडे पाही. फ्रिज उघडून भाजीचे डबे हुंगे, आणि एखादा काही न बोलता बाहेर काढून ठेवी. "आई, गोळ्या घेतल्या नव्हं सकाळच्या?" असे विचारी आणि उत्तराकडे नाही, गोळ्यांच्या पाकिटाकडे पाही. मागच्या खेपेस शेवंती विहिरीकडून मागल्या दाराने येत होती, तेव्हा शुभांगीचा फोनवरचा आवाज तिला ऐकू आला होता. "मशीन बरं आहे म्हणत्यात हे. आईंचंच काहीतरी..." पुढचे वाक्य घागरीच्या आवाजात बुडाले. बुडाले म्हणजे शेवंतीनेच घागर जरा जोरात ठेवली होती. नको असलेले वाक्य अर्धवटच बरे असते, असे तिला तेव्हा वाटले. आता ते अर्धे वाक्य रोज दुपारी तिच्याबरोबर मेजाशी येऊन बसत होते आणि आपला उरलेला अर्धा भाग शोधत होते.

तिने लॅपटॉपच्या कपाळावरच्या कॅमेऱ्यावर टिकली लावली. खणात खाली जुने पाकीट होते, तिचा नवरा कृष्णनाथ असतानाचे. त्यातली काळी टिकली काढताना बोट क्षणभर आपल्याच कपाळाकडे वळले होते. डिंक वाळला होता, जराशा पाण्याने ती चिकटली. नंतर साईश आला तेव्हा त्याने ती पाहिली, शुभांगीकडे पाहिले, आणि दोघांनीही काही विचारले नाही. त्या न विचारण्याने शेवंतीला कळले की आपण आणखी एक पुरावा दिला.

साईश लॅपटॉप घेऊन बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओटीवरच्या सोप्यावर, जाऊन बसला. लहानपणापासून त्याची ती जागा, शाळेचा अभ्यासही तो तिथेच करायचा. "ये पळय," त्याने हाक मारली. मांडीवर लॅपटॉप घेऊन तो भराभर टाइप करत होता, आणि अक्षरे त्याच्या बोटांबरोबर धावत होती, एकही मागे राहत नव्हते. त्याने एक पान उघडून दाखवले. त्यावर रेघ वरखाली नाचत होती आणि कोपऱ्यात वेगाचा आकडा होता, दोनच्या वर काहीतरी. "हो प्रोसेसर, गे. ह्याचें काळीज म्हण. काम नासलें की हळू चलता, काम आयलें की आपणच धांवता. आपसुक. आतां पळय कसो धांवता." तो धावत होताच. त्याने लॅपटॉप तिला दिला, ती आत मेजाशी गेली, सगळे जागच्या जागी लावले, बसली, श दाबला. श थांबून, पाहून आला. तिने साईशने दाखवले तसे ते पान उघडले. कोपऱ्यात शून्य आणि मग टिंब आणि मग काहीतरी. रेघ जमिनीला चिकटून पडली होती. तिने हाक मारली, साईश आत येऊन उभ्या उभ्या वाकला. "तूं खूब उगडून दवरता गे, ताका लागून आसतलें," म्हणाला, आणि लॅपटॉप उचलून बाहेर घेऊन गेला. बाहेर तो पुन्हा धावू लागला. त्याच्या मांडीवर बरा, तिच्या मेजावर आजारी. तान्हे मूल एखाद्याच्याच हातात रडते तसे. शेवंती दारात उभी राहून ते पाहत होती, आणि तिला आठवले की साईशही लहानपणी आजीकडे गप्प राही आणि तिच्याकडे आला की भोकाड पसरी, आणि सासू म्हणे, तुझ्या हाताक कांय तरी आसा.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने पंखा साफ केला, वेगाच्या सगळ्या मांडण्या पाहिल्या, काटकसरीवरून काढून पुऱ्या ताकदीवर लावल्या, आपल्या टेबलावर आपल्याच वायरी लावून चालवून दाखवला. तिथेही धावला. "बाय, वस्तू बरी आसा," तो म्हणाला. घरी आणला तर पुन्हा तेच. मग त्याने आतले काही काढून घेतले की काय, असे तिच्या मनात आले. आणि ते मनात येताच ती स्वतःच दचकली. संशय आता वाट न पाहता, आमंत्रण न घेता कोणाच्याही घरात शिरू लागला होता. साईश, शुभांगी, दुरुस्तीवाला, विनोदिनी. सगळ्यांची दारे वाजवून तो संध्याकाळी परत येई आणि तिच्याच उंबऱ्यावर बसे. इतक्या हातांत जी वस्तू बरी चालते ती एका हातात चालत नसेल, तर? गॅस एकदा चालू राहिला होता, खरे आहे. शेजारणीला एकच गोष्ट एका सकाळी दोनदा विचारली होती, तेही खरे. पण जुने सगळे लखलखीत होते. कचेरीच्या जिन्याच्या कोणत्या पायरीवर लाकूड फुगले होते, मोप्याच्या सड्यावर विमानतळ नव्हता तेव्हा तिच्या माहेरची माणसे गुरे घेऊन कोणत्या झाडाखाली बसत, सगळे. म्हातारपणी असेच होते म्हणतात. जुने उजळते आणि कालचे विझते. मग हा लखलखाटही आपल्या बाजूचा साक्षीदार नव्हता.

सोमवारी डॉक्टर ठरले होते, वास्कोला. "सादी तपासणी गे," साईश म्हणाला होता. "आनी मागीर थोडे दीस आमच्याकडेच राव." थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. डिचोलीचे घर बंद करायचे झाले तर तुळशीला पाणी कोणी घालायचे, हे मात्र तो बोलून गेला होता. शेजारची माणसे घालतील म्हणाला. म्हणजे बोलणे तिथवर झालेले होते.

गुरुवारी दुपारी ती पुन्हा मेजाशी बसली. आपण विसरलेलो नाही हे दाखवायला दुसरे काही नव्हते तिच्यापाशी. स्मरणिका वेळेत आणि बिनचूक द्यायची, बस. ती मुद्दाम सावकाश टाइप करत होती, प्रत्येक अक्षराची वाट पाहत, एखाद्या लंगड्या सोबत्याबरोबर रस्ता ओलांडावा तशी. इतक्यात वीज गेली. पंखा आळसावत थांबला, फ्रिजने एक हुंदका दिला. शेवंतीची बोटे कळांवरच होती आणि सवयीने पुढचा शब्द दाबून मोकळी झाली होती. शब्द उमटला. सबंध, एका दमात. तिने आणखी दाबून पाहिले. पुढचा शब्द, तोही. तिने डोळे मिटून एक अख्खे वाक्य टाइप केले, कचेरीत करी तसे, न बघता, आणि डोळे उघडले तेव्हा ते वाक्य तिच्याकडे पाहत बसले होते. एकही काना जास्त नाही. बोट आणि अक्षराच्या मध्ये कोणी नव्हते. थोड्या वेळाने वीज आली, पंखा फिरला, आणि त्याच क्षणी ते कोणीतरी परत येऊन दाराआड उभे राहिले.

ती उठली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावरून पूर्वी ट्रकांची रांग जायची. त्यातला एक कृष्णनाथचा होता, पुढे काचेवर सातेरीचे नाव लिहिलेला. एका वर्षी तो ट्रक चढावाला दम टाकू लागला. बाबली त्याच्यावर ड्रायव्हर. शेवंतीने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, बाबली डिझेल विकता. कृष्णनाथ हसला होता. "तूं मनशापासून सुरवात करता," म्हणाला. "हांव पोटापासून करतां. ताका जेवण मेळता काय ना, तें पळय पयलीं." आणि ट्रकाखाली झोपून त्याने डिझेलची गाळणी काढून आणली. ती गच्च चिखलाने भरलेली. बाबली बाजूला उभा होता, हातात गुळाचा चहा. त्याला आपल्यावर काय आळ आला होता हे कधी कळलेच नाही. शेवंतीने त्याला त्या दिवशी पुन्हा चहा दिला होता, न मागता. कृष्णनाथची हाताची बोटे तिला आता दिसत होती, काळी, त्या गाळणीवर, हळुवार.

पोटापासून. ती मेजाशी आली आणि भिंतीतली पिन काढली. रेघ उठून उभी राहिली, आकडा चढला. पिन लावली. रेघ पडली, शून्य, टिंब. काढली, उठली. लावली, पडली. ती किती वेळ तेच करत राहिली, एखाद्या आजाऱ्याच्या नाडीवर बोट ठेवावे तसे. बाल्कांवात पिन लावायची सोयच नाही. साईश नेहमी तिथे बसे, वायरीशिवाय, नुसत्या बॅटरीवर. दुरुस्तीवाल्याने आपली वायर लावली होती. हे लॅपटॉपचे नव्हते, तिच्या हाताचेही नव्हते. जेवणच वाईट येत होते, आणि वाईट जेवण मिळण्यापेक्षा उपाशी तो बरा धावत होता. मग तिने एक गोष्ट केली जी साईशने कधी करायला सांगितली नव्हती. झाकण नुसते मिटण्याऐवजी तिने तो पुरता बंद केला आणि वायर लावून पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे आली. चार्जर ओळखीचा नाही, ताकदीला कमी पडतो, म्हणून यंत्र हळू चालेल. एवढे साधे, स्वच्छ. ते कधीपासून सांगायला बसले होते, आणि ती रोज त्याच्या तोंडावर फक्त झाकण ठेवत होती.

पण हे कसे झाले? तिने चार्जर उचलला. त्याच्या मानेला तांबडा दोरा होता. तिने स्वतः बांधलेला, दोन गाठींचा. चवथीला मूळ घरी सगळी भावकी जमते. जावा, पुतणे, नातवंडे. तांबे, पातेली, काशाची ताटे एकमेकांत मिसळतात, म्हणून शेवंती लग्न होऊन आली तेव्हापासून आपल्या भांड्यांना तांबडा दोरा बांधते. खूण असली की वाद नाही. ह्या वर्षी माजघरात एकाच पट्टीवर सगळ्यांचे चार्जर लावलेले, काळे, सारखे, विंचवांसारखे शेपट्या वळवून पडलेले. तिने वाकून आपल्यालाही दोरा बांधला होता. समोर गणपतीवरच्या छताला, माटोळीला, टांगलेले नारळ-सुपारीचे घोस वाऱ्याने हलत होते, तेही तिला आठवत होते. आणि आज हातात दोरा होता आणि चार्जर तिचा नव्हता.

तिने पुतण्याला, प्रज्योतला, हरमलला फोन लावला. तो तिथे पर्यटकांना खोल्या आणि स्कूटर भाड्याने देतो. "काकी!" तो ओरडला, मागे समुद्राचा आणि गाण्यांचा गोंधळ. "म्हणून! माका दिसलें मोप्याच्या विमानांचें वारें लागलें, चवथीपासून लॅपटॉप उडताच आसा माझो. तुझो जड चार्जर माझ्याकडे गे." शेवंतीने विचारले, मग तू बदलून का नाही घेतलास? "कोण हात लायतलो?" प्रज्योत म्हणाला. "माझ्या चार्जराक तुझो तांबडो दोरो पळयलो. तुझ्या दोऱ्याच्या वस्तूक आमच्या घरांत कोण हात लायना. ल्हानपणी एकदां तुझ्या दोऱ्याच्या वाटींत खीर खाल्ली, तो मार आजून याद आसा." तो हसला. ती हसली नाही.

शनिवारी सकाळी प्रज्योत म्हापशाला जाता जाता चार्जर देऊन गेला. दुपारी साईश आणि शुभांगी आली, तिची पिशवी न्यायला. शेवंतीने त्यांना मेजाशी उभे केले. दोऱ्याचा चार्जर लावून दाखवला, काढून दाखवला, मग आपला लावला. रेघ उठली ती उठलीच राहिली. साईश आधी बघत राहिला, मग खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळले. "हांवें वायर पळयलीच ना," तो म्हणाला. "आई, हांवें वायर पळयलीच ना गे." त्याच्या आवाजातले थांबणे गेले होते. "सोमवारचें रद्द करतां. फोन करतां आत्तांच." त्याने खिशातून फोन काढलाही. मग सहज, अगदी सहज, दोरा बोटात धरून विचारले, "पूण हो दोरो कोणें बांदलो?"

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल चढावाला गुरगुरली. शेवंतीने तोंड उघडले. तिला वाटले, आता शब्द बाहेर येईल, पण तो दाराआडच थांबला होता, पारखून घेतला जात होता.

"दोरा आईंनी बरोबर बांधला," शुभांगी म्हणाली. ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "चूक माझी बघा की. चवथीला सकाळी खोबऱ्याचं वाटप वाटायला मिक्सर लावायचा होता, म्हणून मी सगळ्यांच्या पिना उपटल्या. परत लावताना कुणाचं कुणाला लावलं काय की. आईंनी मग लॅपटॉपला जो लागलेला दिसला त्याला दोरा बांधला. त्यांचं काय चुकलं त्यात?" साईशने तिच्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "शाबास! चोर घरांतच आसा न्हय!" शुभांगी हसली. तिने कप शेवंतीसमोर ठेवला, आणि तिची नजर कपावरच राहिली.

शेवंतीने कप उचलला नाही. चवथीच्या नैवेद्याचे वाटप मूळ घरी मिक्सरवर होत नाही. थोरली जाऊ मिक्सर त्या दिवशी कपाटातून काढू देत नाही. ते दगडी रगड्यावर होते, आणि ह्या वर्षी ते शेवंतीनेच वाटले होते. खोबरे, धने, तिरफळ. उजवा खांदा पुढे दोन दिवस दुखत होता, शुभांगीनेच त्याला तेल लावून दिले होते. साईशला हे कळायचे नाही. पुरुष माणूस, त्या दिवशी माटोळी बांधण्यात. पण शुभांगीला ठाऊक होते. म्हणजे शुभांगी खोटे बोलत होती, तोंडावर, नवऱ्यादेखत, स्वतःच्या अंगावर ओढून. शेवंतीच्या मनात संशय उठला, जुन्या सवयीने, आणि उठून उभा राहिल्यावर त्याला कोणाकडे जावे ते समजेना. खोटे पकडण्याइतकी आपली आठवण अजून शाबूत आहे, ह्याचा आनंद तिला होत होता. पण खांदा ह्याच चवथीला दुखला होता की आधीच्या? तेल शुभांगीने लावले ते कुठे, पेडण्याला की इथे? दोऱ्याबद्दलही तिची अशीच खात्री होती. खूण होती म्हणून तर तिने कधी पाहिलेच नाही.

साईशने फोन कानाला लावला होता. "रद्द करू नाका," शेवंती म्हणाली.

"आतां कित्याक गे? मशीनच वायट आशिल्लें."

"मशिनाचें कळलें." तिने दोऱ्याची गाठ नखाने उकलायला घेतली. गाठ घट्ट होती. "माझें कळूंक जाय. पूण तूं येव नाका. तूं बाल्कांवांत बसून पळयतलो. शुभांगी येतली वांगडा."

शुभांगीचा हात पदराशी थांबला. तिने पहिल्यांदा वर पाहिले, सरळ, सासूच्या डोळ्यांत, आणि तिथे काय दिसले कोण जाणे, तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "येते की," ती म्हणाली. "येते, आई."

दोरा सुटला. शेवंतीने तो बोटाला गुंडाळला, लॅपटॉप पुढे ओढला आणि राहिलेल्या पानाच्या डोक्यावर कळ दाबली. श केव्हाच उमटला होता. ती अजून शुभांगीकडे पाहत होती.